बावीस सेकंदांचे बुडबुडे

मास्तरांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं आणि शिकवताना आयुष्यभर बोंब मारली. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक बाजूच्या सीटवर मास्तरांच्या पायाखाली. पण त्या दोन ब्रेकनी मिळून जेवढे अपघात टाळले नसतील तेवढे त्यांच्या आवाजानं टाळले. "क्लच! अहो क्लच!" म्हणून ते ओरडले की पलीकडच्या रस्त्यावरची गाडीसुद्धा कचकन थांबायची. असा हा माणूस न्यूमोनियाचं निमित्त होऊन इस्पितळात गेला आणि एकतीस दिवस एक अक्षर न बोलता मशीनच्या श्वासावर पडून राहिला.

त्यांच्या बायकोला सगळा वॉर्ड काकू म्हणायचा. काकू घरी शिवणाचा क्लास चालवत. कुणाला काज जमत नसेल तर "दे इकडे" म्हणून स्वतःच करून टाकायची त्यांना सवय. नवऱ्याच्या बाबतीत तर विचारूच नका. मास्तरांचा चष्मा त्या शोधायच्या, अर्ज त्या भरायच्या, दवाखान्यात डॉक्टरनी "काय होतंय?" असं मास्तरांना विचारलं की उत्तर काकू द्यायच्या. चाळीस वर्षांत मास्तरांनी स्वतःच्या शर्टाचं बटण कुठल्या रंगाच्या दोऱ्यानं लागतं हे पाहिलं नव्हतं. सांगायचं कारण, पुढे जे घडलं त्याला फक्त काकूच जबाबदार होत्या असं कुणी म्हणू नये. ती सवय जबाबदार होती. बरं, काकूही होत्याच.

एकतिसाव्या दिवशी मास्तर शुद्धीवर होते, ताप गेला होता, पण गळ्याला भोक पाडून घातलेली नळी होती आणि ती नळी मशीनला जोडलेली होती. मोठे डॉक्टर आले आणि त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

"आजार गेलाय. पण इतके दिवस मशीननं श्वास घेतला, त्यामुळे यांचे श्वासाचे स्नायू वाळलेत. आता त्यांना कामाला लावायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पूर्ण एक दिवस मशीनशिवाय राहिले आणि छातीतला कफ स्वतः खोकून बाहेर काढला, की हळूहळू नळी काढू आणि घरी सोडू."

"आणि नाही जमलं तर?" काकूंनी विचारलं.

"तर मग दुसऱ्या शहरात एक केंद्र आहे. मशीनवर राहणाऱ्या पेशंटची तिथे सोय असते. सहा तासांचा प्रवास. रविवारी भेटायला देतात."

"किती दिवस ठेवतात?"

डॉक्टरांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. "काही जण वर्षभर असतात," ते म्हणाले. "काही जण तिथेच असतात."

रविवारी भेटायचं! चाळीस वर्षांत हा माणूस एक रात्र बाहेर राहिला तरी त्याची बॅग त्यांनी भरून दिली होती. तिथे याचं कोण बघणार? काकूंनी त्याच क्षणी मनाशी ठरवलं, काही झालं तरी मास्तर त्या केंद्रात जाणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट हजर झाली. उंची पाच फुटाला दोन बोटं कमी, वय काकूंच्या क्लासमधल्या पोरींएवढं आणि आवाज असा की वॉर्डात तिला सगळे सार्जंट म्हणत. तिच्या तोंडावरसुद्धा म्हणत. ती आली, तिनं मास्तरांचं पांघरूण ओढलं आणि म्हणाली, "चला काका, उठून बसायचं."

"अगं बाई!" काकू मध्ये पडल्या. "त्यांना मान धरवत नाही अजून. आधी जरा बरे होऊ देत, मग व्यायाम."

"काकू, बरे होण्यासाठीच व्यायाम आहे. बरे झाल्यावर मी कशाला लागतेय?"

मग दोन सिस्टर आणि सार्जंट अशा तिघींनी मिळून मास्तरांना पलंगाच्या कडेला बसवलं. पाय खाली लोंबत होते. मास्तरांनी ते पाय असे पाहिले की जणू शेजारच्यांचे आहेत. अर्ध्या मिनिटात घामाघूम झाले. काकूंनी पुढे होऊन पाठीला हात लावला तर सार्जंट खेकसली, "हात काढा! त्यांची पाठ आहे, त्यांना धरू दे." काकूंनी हात काढला, पण तो परत पाठीवर ठेवता येईपर्यंत त्यांना चैन पडली नाही.

त्यानंतर बाटली आली. अर्धी पाण्यानं भरलेली साधी प्लॅस्टिकची बाटली आणि तिच्यात सोडलेली हातभर रबरी नळी. सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास मशीन काढायचं आणि गळ्यातल्या नळीवर एक चिमुकलं टोपण बसवायचं. ते टोपण लावलं की आत घेतलेली हवा वर तोंडातून बाहेर पडायची, आणि मास्तरांना बोलता यायचं. म्हणजे एका श्वासात दोन शब्द, फार तर अडीच. त्याच वेळात दर अर्ध्या तासानं बाटलीतल्या नळीतून फुंकायचं आणि पाण्यात बुडबुडे काढायचे. बुडबुडे किती सेकंद टिकले ते पलंगाला टांगलेल्या तक्त्यात लिहायचं.

मास्तरांनी फुंकलं. पाण्यात तीन बुडबुडे आले, चौथा येतो येतो म्हणता राहिला. मास्तर जांभळे पडले, डोळ्यांना पाण्याच्या धारा लागल्या.

"शाब्बास!" सार्जंट म्हणाली. "दोन सेकंद. हे असंच दर अर्ध्या तासानं. काकू, तुम्ही जबाबदार दिसता. तक्ता तुमच्याकडे."

आणि ती पुढच्या पेशंटकडे गेली. चूक झाली ती इथे.

अर्ध्या तासानं काकूंनी नळी मास्तरांच्या तोंडाशी नेली. मास्तरांनी मान हलवली. "नंतर… फुंकतो," म्हणाले आणि डोळे मिटले. काकूंना त्यांचा तो सुकलेला चेहरा बघवेना. झोपू दे बिचाऱ्याला, म्हणून त्यांनी तक्त्यात शून्य लिहिलं. आणि नेमक्या त्याच वेळी वन्सं टपकल्या.

वन्सं म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. मदतीला म्हणून रोज यायच्या आणि खुर्चीत बसून सूचना करायच्या. त्यांनी तक्ता पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"शून्य? माझ्या भावाला शून्य? अगं, शाळेत कधी त्याला शून्य मिळालं नाही!"

शाळेत मास्तरांना किती मिळायचे हे काकूंना चांगलं ठाऊक होतं, पण त्यांना धास्ती दुसरीच होती. तो डॉक्टर तक्ता बघणार. शून्य बघणार. आणि पाठवणार सहा तास लांब. वन्सं चहा प्यायला गेल्यावर त्यांनी रबरानं शून्य खोडलं आणि पेन्सिल हातात धरून बसल्या.

आता कुणी म्हणेल, त्यात काय, तीन लिहायचं, चार लिहायचं. छे! काकूंच्या हातून ते होईना. चाळीस वर्षांत त्यांनी मापाच्या वहीत न मापलेला आकडा कधी लिहिला नव्हता. अंदाजानं बाही कापणाऱ्या पोरीला त्यांनी क्लासमधून घालवलं होतं. खोटा आकडा लिहिणं म्हणजे पाप. म्हणून काकूंनी काय केलं, पडदा ओढला, नळी पुसली, घड्याळ समोर ठेवलं आणि स्वतः फुंकलं. पाच सेकंद बुडबुडे आले. त्यांनी अगदी प्रामाणिकपणे पाच लिहिले.

एकदाच, असं त्यांनी स्वतःला बजावलं. उद्यापासून हेच फुंकतील.

उद्या उजाडला आणि मास्तर पुन्हा "नंतर" म्हणाले. काकूंनी सार्जंटकडून "पहिली चिरली" असं सांगून दुसरी नळी मागून घेतली, कारण त्या स्वच्छतेच्या भारी भोक्त्या, एकाची नळी दुसऱ्याच्या तोंडात त्यांना चालायची नाही. मास्तरांची नळी कोरडी ठाक आणि काकूंची पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली. पडद्याआडून आवाज आला की सिस्टरना वाटायचं, पाच नंबरचे काका काय मन लावून व्यायाम करतात! चार-चार पेशंट सांभाळणाऱ्या त्या बिचाऱ्या, पडदा कशाला उघडतील? एकदा शेजारच्या पेशंटची सून चुकून आत डोकावली तेव्हा काकूंच्या तोंडात नळी आणि गाल फुगलेले. "नळीत कचरा अडकलाय," काकू नळी काढून म्हणाल्या आणि पुन्हा जोरात फुंकून दाखवलं.

दहा दिवसांत आकडा पाचाचा नऊ झाला, नऊचा चौदा, आणि चौदाचा बावीस. रोज अर्ध्या-अर्ध्या तासानं बुडबुडे काढून काकूंची छाती लोहाराच्या भात्यासारखी तयार झाली. इस्पितळाचे तीन जिने चढताना पूर्वी त्या प्रत्येक मजल्यावर भिंत धरायच्या, आता मधल्या पायऱ्यांवर तरण्याबांड पोरांना ओलांडून जाऊ लागल्या. गालांवर रंग चढला. वन्सं म्हणाल्या, "नवरा आजारी आणि तू मात्र तजेलदार दिसतेस हो." काकूंनी पर्स जवळ ओढली.

वन्संनी तर सगळ्या वॉर्डात दवंडी पिटली होती. "बावीस सेकंद! आमच्या घराण्याची छातीच तशी. आमचे वडील विहिरीत बुडी मारायचे ते लोक घरी जेवून यायचे तोवर वर यायचे नाहीत." इतर पेशंटचे नातेवाईक पाच नंबरच्या काकांकडे आदरानं बघू लागले. आणि मास्तर? ते पलंगाच्या कडेला मिनिटभर बसले की धापा टाकायचे. खोकला तर मांजरीच्या पिल्लाला लाजवेल असा. प्रत्येक वेळी सिस्टरला बारीक नळी घालून कफ ओढून काढावा लागायचा.

"काही कळत नाही," सार्जंट डोकं खाजवायची. "एवढं फुंकणारा माणूस असा कसा खोकतो?"

बुधवारी मोठे डॉक्टर आले. तक्ता बघून त्यांची भुवई वर गेली. "बावीस? वा! मग कशाला थांबायचं? शनिवारी सकाळी मशीन काढू, पूर्ण दिवस. हे तर सहज जायला हवं." मग ते जरा थांबून म्हणाले, "आणि एवढी ताकद असूनही नाही जमलं, तर याचा अर्थ अडचण दुसरीकडेच कुठेतरी आहे. मग आपल्याला केंद्राशिवाय पर्याय नाही. मी त्यांना शनिवार सांगून ठेवतो."

काकूंचं धाबं दणाणलं. जे टाळायला म्हणून त्यांनी गाल फुगवले, तेच त्यांनी स्वतःच्या फुंकरीनं ओढवून आणलं होतं. आता बोलावं तर तोंड दाखवायला जागा नाही, आणि न बोलावं तर शनिवारी मास्तर मशीनशिवाय माशासारखे तडफडणार. त्या दिवशी दुपारी त्यांना डबा उघडायचीही शुद्ध राहिली नाही.

दुपारी सार्जंट टेप घेऊन आली. "काका, छाती मापू. श्वास सोडल्यावर किती आणि भरून घेतल्यावर किती." तिनं टेप मास्तरांच्या छातीभोवती टाकली, पाठीमागून पीळ पडलेली, एका बाजूला वर आणि एका बाजूला खाली.

काकूंच्या डोळ्यांना ते सहन होणं शक्यच नव्हतं. जीव टांगणीला लागलेला, पण वाकडी टेप म्हणजे वाकडी टेप.

"अगं, टेप अशी धरतात का? दे इकडे."

त्यांनी टेप सरळ केली, काखेखालून सपाट घेतली, दोन बोटं आत घालून नको तेवढी सैल नाही ना पाहिलं. "सोडा श्वास," म्हणाल्या. साडेचौतीस. "घ्या." मास्तरांनी घेतला, मान ताणून, खांदे उचलून घेतला. काकूंनी टेपवर बघितलं. एक इंच वाढवून सांगायला कुणाची आडकाठी होती? सार्जंट तर वहीत डोकं घालून उभी होती. पण माप हातात आलं की काकूंची जीभ त्यांची राहायची नाही.

"पस्तीस," त्या म्हणाल्या. "नाही, पाऊण रेघ कमीच."

सार्जंटनं वर पाहिलं. "अर्धा इंचही नाही? बावीस सेकंदांच्या माणसाची छाती अर्धा इंचही फुगत नाही?" तिनं एकदा तक्त्याकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे आणि मग बराच वेळ काकूंच्या गुलाबी गालांकडे. "काकू, टेप द्या जरा. हात वर करा."

"माझे कशाला?"

"करा तर खरं. घ्या श्वास."

काकूंनी घेतला. खोटा, तोकडा श्वास घ्यायचा त्यांनी फार प्रयत्न केला, पण दहा दिवस राबलेली छाती ऐकतेय थोडीच! टेप सार्जंटच्या बोटांतून सर्रकन निसटली.

"तीन इंच," सार्जंट म्हणाली. "काकू, तुम्हाला कधीही डिस्चार्ज देता येईल."

काकू मटकन स्टुलावर बसल्या आणि रडायला लागल्या. रडता रडता सगळं सांगितलं, शून्यापासून पर्समधल्या नळीपर्यंत. सार्जंट लालबुंद झाली. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? मी त्या तक्त्यावर विश्वास ठेवून यांचा व्यायाम ठरवला. दहा दिवस फुकट गेले यांचे! दहा!"

"तिला… नका बोलू," पलंगावरून आवाज आला.

दोघींनी वळून पाहिलं. मास्तरांनी हात थोडासा उचलला होता.

"मी जागा… होतो. रोज." दम घेतला. "डोळे मिटून… ऐकायचो. बुडबुडे." पुन्हा दम. "बरं वाटायचं."

"जागे होतात?" काकूंचं रडणं जागच्या जागी थांबलं. "अहो, मग मी इथे गाल फुगवून मरत होते आणि तुम्ही ऐकत होतात?"

"भीती वाटते… गं." मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. हा माणूस भीती हा शब्द दुसऱ्यांना उद्देशूनच वापरायचा. "बाहेर गेलेला… श्वास… परत नाही… आला तर?"

आपला रागसुद्धा कुठे ठेवावा ते सार्जंटला कळेना. मास्तरच थोड्या वेळानं पुन्हा बोलले, तुकड्या-तुकड्यांनी, आणि ते सगळे तुकडे जोडले तर असे होते: शिकणाऱ्याच्या आधी मास्तरनं ब्रेक दाबला की शिकणारा जन्मात शिकत नाही, हे मी तीस वर्षं सांगत आलो, आणि इथे मीच पाय वर घेऊन बसलो. एवढं बोलून होईपर्यंत टोपण काढायची वेळ झाली.

डॉक्टरांना सांगणं भाग होतं. सार्जंट म्हणाली, मी सांगते. काकू म्हणाल्या, नाही, माझी करणी, मीच सांगणार. सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि विचारलं, "बावीस सेकंद तुम्ही फुंकलेत?" काकूंनी मान डोलावली. "या वयात?" असं त्यांच्या तोंडून निसटलं, मग ते सावरून कडक झाले.

"केंद्राला मी शनिवारऐवजी पुढचा मंगळवार सांगतो. सहा दिवस मिळाले. त्यापुढे माझ्या हातात नाही. आणि काकू, व्यायामाच्या वेळी तुम्ही वॉर्डात नको."

झालं! काकूंची रवानगी बाहेरच्या बाकावर. मधे दाराची काच. काचेतून सगळं दिसायचं आणि हाताला काही लागायचं नाही, काकूंना यापेक्षा मोठी शिक्षा ब्रह्मदेवालाही सुचली नसती. तक्ता आता सार्जंटकडे होता. पहिल्या दिवशी तिनं काचेला लावून दाखवला: दोन. दुसऱ्या दिवशी दोन. काकूंनी बाकावर बसून तीन झबली शिवली, तिन्हींचे गळे चुकवले.

वन्संना खरं कळलं तेव्हा त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे छाती आमच्या घराण्याची नव्हेच तर."

आत मात्र मास्तर कामाला लागले होते. भीती गेली होती असं नाही, पण ती बोलून टाकल्यावर तिचा मान कमी झाला होता. सार्जंट त्यांना पलंगाच्या कडेला बसवायची, मग उभं करायची, मग जागच्या जागी पाय उचलायला लावायची. "डावा! अहो डावा! दुसरा डावा!" मास्तर घाम पुसत म्हणायचे, "ओरडू… नको." तिकडून उत्तर यायचं, "तीस वर्षं तुम्ही ओरडलात तेव्हा लोकांना कसं वाटलं असेल?" काचेमागे काकू तोंडाला रुमाल लावून हसायच्या आणि लगेच मास्तर पडतील म्हणून अर्ध्या उठायच्या. तिसऱ्या दिवशी तक्त्यात तीन आले. पाचव्या दिवशी पाच. सोमवारी मास्तर वॉकरला धरून खुर्चीपर्यंत चार पावलं चालले आणि खुर्चीत असे ऐटीत बसले की कुणीतरी हार घालायचा राहिला.

मंगळवार उजाडला. सकाळी आठला मशीन बंद केलं. खाली पोर्चमध्ये केंद्राची गाडी येऊन उभी होती, ड्रायव्हर खिडकीत पाय टाकून पेपर वाचत होता. काकूंनी येताना ती पाहिली आणि जिने चढताना कितीतरी दिवसांनी त्यांना भिंत धरावी लागली.

दहा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. मास्तर खुर्चीत बसून श्वास घेत होते, एकामागून एक, दुसरा काही उद्योगच नसल्यासारखे. काकूही बाकावर बसून तेच करत होत्या. तीनच्या सुमाराला मास्तरांच्या छातीतून घरघर यायला लागली. कफ अडकला होता. चेहरा ओढला गेला, भिंतीवरच्या यंत्रातला प्राणवायूचा आकडा उतरायला लागला, यंत्र पीं पीं करू लागलं. सिस्टर कफ ओढायची नळी घेऊन धावली. सार्जंटनं हात आडवा केला.

"थांबा. अजून थोडं. काका, स्वतः काढायचा. मी सांगितलंय तसं, पोटावर हात, आत घ्या, धरा, आता!"

मास्तरांनी खोकायचा प्रयत्न केला. मांजरीचं पिल्लू. पुन्हा केला. पिल्लूच.

काकू केव्हा उठल्या त्यांना कळलं नाही. त्यांचा हात दाराच्या मुठीवर होता. मूठ फिरवायची, आत जायचं, पाठीवर थाप मारायची, एवढंच तर होतं. सगळं अंग आत धावत होतं. मूठ अर्धी फिरलीसुद्धा. आणि तिथेच त्यांनी ती धरून ठेवली, दोन्ही हातांनी, कुणी आतून ओढत असल्यासारखी घट्ट. नाही जायचं. मेले तरी नाही जायचं. त्यांची पाठ आहे, त्यांची छाती आहे. पण जीव कुठेतरी बाहेर पडायला हवाच, तो तोंडातून पडला. काकू खोकायला लागल्या. काचेला नाक लावून, गुडघ्यात वाकून, पोटाच्या खालून, त्या तीन इंची छातीनिशी असा दणदणीत खोकला काढला की बाकांवरचे नातेवाईक ताडकन उभे राहिले, औषधांचा ट्रे नेणारी सिस्टर भिंतीला चिकटली आणि वन्सं ओरडल्या, "अगं, हिला कुणीतरी दाखल करा!"

आत मास्तरांनी काचेकडे पाहिलं. पोटावर हात दाबला, श्वास घेतला, धरला आणि खोकले.

तो आवाज काही गोड नव्हता. घाणेरडा, फाटका, खोलवरून खरडून आलेला खोकला होता तो. पाठोपाठ दुसरा. सार्जंटनं पुढे केलेल्या रुमालात कफ पडला. घरघर थांबली, पीं पीं थांबली, आकडा चढू लागला. सार्जंट त्या रुमालाकडे अशी बघत होती की सोनं सापडलंय.

संध्याकाळी सहाला मोठे डॉक्टर आले, छाती तपासली, कागद तपासले, मास्तरांना आणखी एकदा खोकायला लावलं. मग खिडकीशी जाऊन त्यांनी खाली फोन केला. "गाडी परत पाठवा. पाच नंबर इथेच राहतोय." काकूंनी काचेतून फक्त त्यांचे ओठ पाहिले, पण खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकला आणि तो फाटकाबाहेर विरेपर्यंत त्या काचेला कपाळ टेकून उभ्या राहिल्या.

दार उघडलं. "या काकू," सार्जंट म्हणाली.

काकू आत गेल्या. पांघरूण सरळ करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मास्तर त्यांच्याकडे टक लावून बघत होते, चेहऱ्यावर जुनं, ओळखीचं, गाडीतलं आठ्यांचं जाळं. त्यांनी दमानं श्वास आत घेतला.

"अगं, आत मी मरणाच्या दारात खोकतोय आणि तू बाहेर उभी राहून कसली खोकत होतीस, सगळं इस्पितळ मला सोडून तुझ्याकडे बघत होतं, लाज नाही वाटली?"

सार्जंटच्या हातातली पेन्सिल थांबली. वन्संचं तोंड उघडंच राहिलं. मधे एकदाही न थांबता, अख्खं, एका दमात! काकूंनी चाळीस वर्षांत या माणसाचं एक बोलणं उत्तर दिल्याशिवाय सोडलं नव्हतं. आज त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि डोळे पाझरत राहिले.

"काय झालं रडायला?" मास्तर म्हणाले.

"काही नाही," काकू म्हणाल्या. "पुन्हा बोला."

"काय?"

"हेच. मला बोललात ते. सगळं."

मास्तरांनी श्वास भरून घेतला आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून, आणखी दोन वाक्यं जोडून, झापलं.